एफ/२२ ठेवलं, ट्रायपॉडही होता; तरी डोंगर मऊ का?

पत्र : डिजिटल फोटोग्राफीच्या अभ्यासक्रमाचं माझं पहिलं वर्ष आहे. वर्गातल्या असाइनमेंटमध्ये, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड (किती अंतरापासून किती अंतरापर्यंत शार्प), शटर स्पीड, व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) वगैरे, मला चांगले गुण मिळतात. पण निसर्गचित्रणाच्या दोन सहलींत साडेसातशे फोटो काढले आणि दाखवण्याजोगे चारही निघाले नाहीत. ट्रायपॉड होता, एफ/२२ (लेन्सचं छिद्र अगदी बारीक) ठेवलं होतं, तरी डोंगर मऊ आले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर छान दिसलेलं आकाश संगणकावर पांढरं निघालं. सूर्यास्ताचे रंग फोटोत निम्मेही उतरले नाहीत, आणि जमा केलेल्या फाइली वर्गातल्या पडद्यावर आणखीच फिक्या दिसल्या. शिक्षकांनी शेरा दिला : ‘तंत्र येतं, निर्णय दिसत नाही.’ माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (लहान आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमी झूम लेन्स आहे. आणखी वाइड लेन्स घेऊ का? तीन आठवड्यांनी तिसरी सहल आहे आणि त्यातून सहा फोटोंची मालिका द्यायची आहे. – एक विद्यार्थिनी

उत्तर : शिक्षकांचा शेरा मनाला लागला असेल. तरी तो पुन्हा वाच. तुझ्या दोन्ही सहलींचं निदान त्यात आहे.

वर्गातल्या असाइनमेंटमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. डेप्थ ऑफ फील्डला तीन वस्तू ओळीत मांडायच्या, प्रकाश तोच, अंतर तेच, फक्त ॲपर्चर (लेन्समधलं छिद्र) फिरवायचं. शटर स्पीडला पाण्याची धार असते आणि ॲपर्चरची फिकीर नसते. बाहेर मात्र पाणी हलतं, गवत हलतं, मध्येच ढग सूर्यावर येतो, पायाजवळचा दगड आणि लांबचा डोंगर दोन्ही हवे असतात, आणि हे सगळं एकदम. मग हात सवयीच्या आकड्याकडे जातो. ‘लँडस्केप म्हणजे एफ/२२’ ही तशीच एक सवय. म्हणून कोणता प्रश्न आधी सोडवायचा हे घरूनच ठरवून जा.

पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नाही. हा फोटो कशाचा आहे? उत्तर एका वाक्यात यायला हवं : ‘उतारावरच्या एकट्या झाडाचा’, ‘दगडाला वळसा घालणाऱ्या पाण्याचा’. ‘समोरच्या देखाव्याचा’ हे उत्तर चालणार नाही. ते वाक्य सुचेपर्यंत ट्रायपॉड उघडू नकोस. नुसता कॅमेरा हातात घेऊन फिर, गुडघ्यावर बस, दोन पावलं डावीकडे सरक. ट्रायपॉड एकदा रोवला की माणूस जागेवरून हलत नाही आणि सगळे फोटो डोळ्याच्या उंचीवरून येतात. जागा ठरली की दुसरा प्रश्न : शार्प हवी अशी सर्वांत जवळची वस्तू किती अंतरावर आहे? त्यावरून ॲपर्चर आणि फोकस. तिसरा : फ्रेममध्ये काय हलतंय, आणि ते थांबलेलं हवंय की वाहतं? त्यावरून शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा. चौथा : सर्वांत उजळ भाग कोणता, आणि त्यात तपशील हवा आहे का? त्यावरून एक्स्पोजर, म्हणजे एकूण उजेड किती. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, सगळ्यांत शेवटी येतो. आधीच्या उत्तरांना जेवढा लागेल तेवढाच.

आता तुझे मऊ डोंगर. मऊपणाची कारणं पाच-सहा असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. जुन्या फोटोंतले वीस काढ, स्क्रीनवर १०० टक्क्यांवर बघ आणि खुणा शोध. कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या किंवा दुहेरी दिसत असतील तर कॅमेरा हलला आहे. दगड शार्प आणि फक्त पानं पुसट असतील तर वारा. जवळचं गवत कुरकुरीत आणि डोंगर मऊ, तर फोकस पुढेच अडकला. भर दुपारी फक्त लांबच्या कडा लाटेसारख्या वेड्यावाकड्या दिसत असतील तर ती तापलेल्या हवेची थरथर. तिच्यावर लेन्स बदलून उपाय होत नाही, सकाळी लवकर जावं लागतं. आणि अख्खी फ्रेम, जवळचं-लांबचं सगळं, सारख्याच प्रमाणात, कुठलीही दिशा न दाखवता मऊ असेल, तर ते डिफ्रॅक्शन. एफ/२२ वरच्या तुझ्या फोटोंत मुख्यतः हेच सापडेल.

ते का होतं हे एकदा आकड्यांत पाहून घे, म्हणजे एफ/२२ ची ओढ आपोआप सुटेल. छिद्र लहान झालं की प्रकाश त्याच्या कडेशी पसरतो आणि एका बिंदूचं प्रतिबिंब बिंदू न राहता छोटी चकती होते. हिरव्या प्रकाशासाठी ही चकती एफ/८ ला साधारण ११ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एफ/११ ला १५ ची आणि एफ/२२ ला जवळजवळ ३० मायक्रॉनची असते. तुझ्या सेन्सरवरचा एक पिक्सेल सुमारे ४ मायक्रॉनचा आहे. म्हणजे एफ/२२ ला प्रत्येक बारीक तपशील सात-आठ पिक्सेलभर फासला जातो. एफ/८ आणि एफ/११ चा थोडासा मऊपणा शार्पनिंगने भरून निघतो, एफ/२२ चा निघत नाही. शिवाय एवढ्या लहान छिद्रावर सेन्सरवरच्या धुळीचा कण न् कण आकाशात काळसर गोल ठिपका होऊन उमटतो.

आणि बहुतेक वेळा एफ/२२ ची गरजही नसते. १८ मिमी आणि एफ/११ वर, तीन मीटरवर, म्हणजे साधारण चार पावलांवर फोकस केलास तर सुमारे एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प धरता येतं. हे गणित मध्यम आकाराच्या प्रिंटसाठीचं आहे. स्क्रीनवर १०० टक्क्यांवर डोंगर किंचित मऊ वाटला तर फोकस आणखी मीटरभर पुढे ने. ५५ मिमीला मात्र चित्र एकदम बदलतं : तिथे एफ/११ वर चौदा मीटरवर फोकस केला तर कुठे सात मीटरपासून पुढचं शार्प येतं. म्हणून ५५ वर फ्रेमच्या तळाशी जवळचं फूल ठेवून लांबचा सुळकाही शार्प मागू नकोस. ते हवंच असेल तर फुलावर एक, मध्ये एक आणि सुळक्यावर एक असे तीन फोटो घेऊन नंतर जोडावे लागतात. वारा असेल तर तेही जमत नाही.

फोकस करताना सिंगल पॉइंट ठेव, लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवरच्या थेट चित्रात) ती जागा मोठी करून बघ, आणि फोकस बसला की लेन्स मॅन्युअल फोकसवर टाक, नाहीतर पुढचं बटण दाबताच कॅमेरा पुन्हा शोधायला लागेल. त्यानंतर झूम हलवू नकोस. बहुतेक झूम लेन्समध्ये झूम बदलला की फोकसही सरकतो. काही लेन्स कॅमेरा बंद केला की मॅन्युअल फोकस विसरतात, त्यामुळे मध्ये कॅमेरा बंद केलास तर पुन्हा तपासावं लागेल.

ट्रायपॉड असूनही कॅमेरा हलतो याचं अनेकांना नवल वाटतं. मधला दांडा वर काढलेला असतो, म्हणजे तीन पायांवर एक डोलणारी काठी उभी. तो खालीच ठेव. पाय उघडताना जाड भाग आधी, बारीक सर्वांत शेवटी. वाळूत किंवा ओल्या मातीत पाय दाबून बसव. वाऱ्यात बॅग हुकाला लटकवायची तर ती जमिनीला टेकलेली असू दे. लोंबकळणारी बॅग झोके घेते आणि ट्रायपॉडलाही घेऊन डोलते. स्टॅबिलायझेशन (हात हलला तर चित्र सावरणारी सोय) बंद कर, कारण अनेक लेन्समध्ये ते स्थिर कॅमेऱ्यावरही हालचाल शोधत राहतं आणि स्वतःच ब्लर आणतं. बटण बोटाने दाबू नकोस. दोन सेकंदांचा टायमर लाव. आरशाचा कॅमेरा (डीएसएलआर) असेल तर १/६० ते १ सेकंदाच्या दरम्यान आरशाचा धक्काही फोटोत उतरतो. तिथे लाइव्ह व्ह्यूमधून काढ किंवा आरसा आधी वर घेण्याची सोय वापर.

गवत हलत असेल आणि थांबलेलं हवं असेल तर १/१२५ ते १/२५० लागेल. त्यासाठी आयएसओ ४०० किंवा ८०० करायला कचरू नकोस. थोडा नॉइज (दाणेदारपणा) नंतर आवरता येतो, पुसलेलं गवत परत येत नाही. १०० आयएसओचा हट्ट ट्रायपॉडवर आणि शांत हवेत करायचा.

आता पांढरं आकाश. भर उजेडात कॅमेऱ्याची स्क्रीन अंधारी वाटते, म्हणून फोटो ‘काळा’ आला असं समजून आपण एक्स्पोजर वाढवतो, आणि त्या चिमुकल्या चित्रात आकाश गेलेलं कळतही नाही. संध्याकाळी उलट : तीच स्क्रीन डोळ्यांत भरते आणि अंधारा फोटोही उजळ वाटतो. म्हणून स्क्रीनची ब्राइटनेस ऑटोवरून काढून मधल्या पायरीवर कायम ठेव, आणि एक्स्पोजरचा निवाडा हिस्टोग्रामवर कर, म्हणजे डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड किती हे दाखवणाऱ्या आलेखावर. शक्यतो लाल, हिरवा, निळा असे तिन्ही आलेख वेगळे दाखवणारा हिस्टोग्राम लाव. सूर्यास्ताला एकत्रित आलेख ठीक दिसतो, पण लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला असतो. केशरी ढगांची जागा सपाट पिवळ्या डागाने घेतली जाते ती इथेच. उजळ भाग लुकलुकवून दाखवणारी सूचनाही चालू ठेव.

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्यावर आणायला बघतो. म्हणून बर्फ किंवा पांढरी वाळू फ्रेमभर असेल तर +१ ते +२ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) द्यावं लागतं, आणि काळ्या कातळाने फ्रेम भरली असेल तर मीटर उगाच उजेड वाढवतो आणि वरची आकाशाची पट्टी जळते, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी होते. तिथे −२/३ ते −१. ॲपर्चर प्रायॉरिटीवर (ॲपर्चर तू ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) एक चाचणी फोटो, मग आलेख, मग कॉम्पेन्सेशन, म्हणजे हेच अधिक-उणे. तीन फोटोंत ठरायला हवं. सूर्याचं बिंब किंवा पाण्यावरची चमक जळली तर जळू दे, त्यात तपशील नसतोच. ढग जळता कामा नयेत.

शंका वाटली तर आकाश वाचव. आयएसओ १०० वर काढलेल्या रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीत) सावली दोन स्टॉप उचलली तरी आजचे सेन्सर निभावून नेतात; जळालेल्या ढगात मात्र उचलायला काही उरलेलंच नसतं. अर्थात रॉ हवंच. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. कॅमेरा दाखवतो तो हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे रॉमध्ये उजव्या बाजूला थोडी जागा शिल्लक असते. पण ती गृहीत धरून चालू नकोस.

आकाश आणि जमीन यांतलं अंतर आलेखात मावतच नसेल, म्हणजे डावी-उजवी दोन्ही टोकं भिंतींना टेकली असतील, तर ब्रॅकेटिंग : −२, ०, +२ असे तीन फोटो. ॲपर्चर, आयएसओ, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्हीत तेच, बदलतो फक्त शटर. जोडताना हलणारी पानं आणि लाटा दुहेरी दिसतात, तेव्हा हलणारा भाग एकाच फोटोतून घ्यायचा. चढत्या गडद छटेचा ग्रॅज्युएटेड फिल्टर समुद्रासारख्या सरळ क्षितिजाला छान, पण डोंगर असतील तर शिखरंही काळी करतो. तुझ्या कामाला ब्रॅकेटिंग जास्त भरवशाचं.

फिक्या रंगांची तुझी तक्रार दोन वेगळ्या चुकांची आहे. सूर्यास्ताला ऑटो व्हाइट बॅलन्स लावलास की कॅमेरा त्या केशरी उजेडालाच दोष समजून तो निवळून टाकतो. डेलाइटवर, म्हणजे ५,२०० केल्विनच्या आसपास ठेव. रॉमध्ये ते नंतरही बदलता येतं, पण जागेवरच खरा रंग दिसला तर निर्णय नीट होतात. दुसरी चूक बहुधा कलर स्पेसची, म्हणजे फाइलमधल्या रंगांच्या मोजपट्टीची. तुझ्या फाइलींची नावं बघ : अनेक कॅमेरे ॲडोबी आरजीबीवर असले की नावाची सुरुवात अंडरस्कोरने करतात. अशी जेपेग फाइल प्रोफाइल न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की रंग मेल्यासारखे दिसतात, आणि वर्गातल्या पडद्यावर तेच झालं असण्याची दाट शक्यता आहे. कॅमेऱ्यात एसआरजीबी (पडद्यांसाठीची नेहमीची कलर स्पेस) कर, आणि रॉमधून जेपेग काढतानाही एसआरजीबीच निवड.

पोलरायझर फिल्टर मात्र जवळ असावा. ओल्या पानांवरची आणि दगडांवरची चमक तो काढतो आणि त्यांचा रंग उघडा पडतो. हे काम नंतर संगणकावर करता येत नाही. सूर्याच्या काटकोनातल्या आकाशावर त्याचा परिणाम सर्वांत जास्त असतो : अंगठा सूर्याकडे धर आणि त्याच्याशी काटकोन करून तर्जनी फिरव, ती जाईल तो पट्टा सर्वांत गडद होणार. म्हणूनच १८ मिमीला निळ्या आकाशात एका बाजूला काळसर डाग येतो. तसं दिसलं तर फिल्टर थोडा उलटा फिरव. दीड ते दोन स्टॉप प्रकाश तो खातो, म्हणून सावलीतल्या ओढ्यावर अनेकदा वेगळा एनडी फिल्टर (नुसता उजेड कमी करणारा) लागतही नाही. पाणी १/४ ते १ सेकंदात धाग्यांसारखं येतं आणि त्याचा ओघ कळतो. दहा सेकंदांच्या पुढे नुसतं धुकं होतं, आणि पहिल्या वर्षाचे बहुतेक धबधबे त्या धुक्यात हरवतात. सहा स्टॉपचा एनडी घेतलास तर १/१५ चं शटर ४ सेकंदांवर जातं. फोकस मात्र फिल्टर चढवण्याआधी करून ठेव.

वाइड लेन्स आत्ता नको. १८ मिमीला तुझ्या कॅमेऱ्यात आडवा सुमारे ६६ अंशांचा पट्टा मावतो, तो पुष्कळ आहे. १० मिमीला तो ९९ होईल, पण त्याच जागेवरून तोच डोंगर जवळजवळ निम्म्या आकाराचा दिसेल आणि रिकामा फोरग्राउंड दुप्पट उघडा पडेल. ‘समोर एवढं भव्य होतं आणि फोटोत टेकडी आली’ ही खंत वाइड लेन्सने वाढते. तू उलट ३५ ते ५५ मध्ये काढून बघ. डोंगर मोठा होतो आणि फ्रेममध्ये काय ठेवायचं हे ठरवावंच लागतं. फारच रुंद काही हवं असेल तर कॅमेरा उभा धरून ३५ मिमीला पाच-सहा फोटो घे, प्रत्येकात आधीच्याचा तिसरा हिस्सा येऊ दे, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल, पोलरायझर काढलेला, आणि पॅनोरमा जोड.

तीन आठवडे पुरेसे आहेत. पहिल्या आठवड्यात एका दुपारी स्वतःची लेन्स ओळखून घे : ट्रायपॉडसमोर बारीक छापील मजकुराचा कागद, १८, ३५ आणि ५५ वर एफ/५.६, ८, ११, १६, २२. एकूण पंधरा फोटो. शेजारी-शेजारी १०० टक्क्यांवर बघितलेस की तुझ्या लेन्सचं उत्तम ॲपर्चर कोणाला विचारावं लागणार नाही. मग १/८ आणि १ सेकंदाला स्टॅबिलायझेशन चालू-बंद करून चार फोटो. दुसऱ्या आठवड्यात घराजवळच्या कुठल्याही मोकळ्या जागेत एक तास आणि फक्त बारा फोटो. प्रत्येकाआधी वहीत ते एक वाक्य आणि चार प्रश्नांची उत्तरं. शटर, ॲपर्चर फाइलमध्ये आपोआप नोंदले जातात, ते लिहू नकोस. ते का निवडले ते फाइलमध्ये नसतं. सुरुवातीला एका फोटोला पाच मिनिटं लागतील आणि चिडचिड होईल. ती होऊ दे, सहाव्या-सातव्या फोटोपासून वेग येतो.

सहलीच्या दिवशी सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोच आणि तो तास हिंडण्यात घालव. सूर्य बुडाला की सगळे ट्रायपॉड आवरायला लागतात. तू अर्धा-पाऊण तास थांब. आकाश आणि जमीन यांतली दरी तेव्हा कमी होते, जे दुपारी तीन फोटोंत मावत नव्हतं ते एकात मावतं. मात्र दर काही मिनिटांनी उजेड एकेक स्टॉप उतरतो, म्हणून प्रत्येक फोटोनंतर आलेख पुन्हा बघ. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जास्तीची अंगाजवळच्या खिशात ठेव. कार्ड निघण्यापूर्वीच फॉरमॅट कर, आणि परतल्यावर दोन वेगळ्या ठिकाणी प्रती झाल्याशिवाय पुन्हा फॉरमॅट करू नकोस.

मालिकेसाठी सहा सर्वांत सुंदर फोटो निवडू नकोस. सहा सूर्यास्त एकमेकांना मारतात. वीस छोट्या प्रिंट काढ, जमिनीवर मांड आणि एकेक उचलत जा. उरलेल्या सहांत निदान एक लांबचा, एक अगदी जवळचा आणि एक आकाश नसलेला असू दे, आणि उजेड एकाच वेळेचा असेल तर मालिका सांधलेली दिसते. तिरकं क्षितिज आत्ताच सरळ कर. समुद्र किंवा तळं असेल तर एक अंशाचा तिरपेपणाही डोळ्याला खुपतो. शेवटी लांब बाजू २,०४८ पिक्सेल, एसआरजीबी, जेपेग क्वालिटी ८५ च्या आसपास ठेवून फाइली काढ, आणि जमा करण्याच्या आदल्या दिवशी त्या वर्गातल्याच पडद्यावर एकदा उघडून बघ.